खिशात मावणारे शस्त्र : महाराष्ट्रातील लहान पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे वजन, प्रतिक्षेप आणि बाळगण्याची सोय

सारांश

महाराष्ट्रातील सशस्त्र क्रांतिकार्याचा इतिहास आजवर प्रामुख्याने व्यक्ती, विचार आणि बलिदान यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. ज्या शस्त्रांच्या साहाय्याने हे कार्य घडले त्यांचे वजन, लांबी, ती अंगावर बाळगण्याची सोय आणि गोळी झाडताना हाताला बसणारा धक्का या बाबींचा विचार तुलनेने कमी झाला. प्रस्तुत लेखात वासुदेव बळवंत फडके यांच्या १८७९ मधील उठावापासून १९३१ च्या हॉटसन प्रकरणापर्यंतच्या आणि त्यापुढील काही घटना या दृष्टीने तपासल्या आहेत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्र उघडपणे बाळगणे आणि त्याचा सराव करणे या दोन्ही गोष्टी भारतीयांना दुष्प्राप्य केल्या. परिणामी हलक्या व लपविण्याजोग्या शस्त्राकडे ओढा वाढला. मात्र अशा शस्त्राला सर्वाधिक आवश्यक असणारा सराव दुर्मीळच राहिला, असे प्रतिपादन येथे केले आहे. हाच विसंवाद २०१४ मधील ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरच्या निमित्ताने पुन्हा कसा प्रकट झाला, याचाही शेवटी विचार केला आहे.

बीजसंज्ञा : शस्त्र कायदा, रिव्हॉल्व्हर, प्रतिक्षेप, क्रांतिकारक चळवळ, निर्भीक.

प्रस्तावना

नवीन पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेस निघाल्यावर पळस्पे फाट्यापुढे काही किलोमीटरवर शिरढोण हे गाव लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावी झाला. मे १८७९ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या पळस्प्यावर छापा घातला, तेही याच वाटेवरचे गाव होय. पनवेल परिसराला या इतिहासाचा सार्थ अभिमान आहे. तथापि फडक्यांच्या टोळीच्या हाती नेमकी कोणती हत्यारे होती आणि तीस वर्षांनी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या हाती असलेले हत्यार त्यांहून कशा प्रकारे भिन्न होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न केवळ शस्त्रशास्त्राचा नाही. तलवार, भाला किंवा तोड्याची बंदूक घेऊन जाणारा मनुष्य दुरूनही दिसतो. त्याला सोबत्यांची गरज भासते, आडवाट शोधावी लागते, गावाच्या संमतीवर विसंबावे लागते. याउलट अर्धा-पाऊण किलो वजनाचे पिस्तूल बाळगणारा मनुष्य गर्दीत गर्दीसारखाच दिसतो. शस्त्राच्या आकारमानाबरोबर राजकीय कृतीचे स्वरूपही बदलते. हा बदल कसा घडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वजन आणि प्रतिक्षेप यांचे परस्परविरोधी नाते

ऐतिहासिक विवेचनापूर्वी एक यांत्रिक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. बंदुकीतून गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे रेटली जाते. शालेय विज्ञानात संवेगाच्या अक्षय्यतेचे उदाहरण म्हणून बंदुकीचा प्रतिक्षेप वेग शिकविला जातो, तो हाच. उदाहरणादाखल ६.३५ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला २२० मीटर वेगाने निघाली असे मानू. नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंचा वाटा बाजूला ठेवला, तर ७०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने मागे येईल. तीच गोळी ५०० ग्रॅम वजनाच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडल्यास प्रतिक्षेप वेग सुमारे २.८ मीटर होईल. हाताला सोसाव्या लागणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण पहिल्या उदाहरणात सुमारे १.४ ज्यूल, तर दुसऱ्यात सुमारे १.९५ ज्यूल येते. म्हणजेच बाळगताना वाचलेले २०० ग्रॅम झाडताना सुमारे ४० टक्के जादा धक्क्याच्या रूपाने वसूल होतात.

आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत यात आणखी काही अडचणींची भर पडते. नळी आखूड असल्याने नेम धरण्याच्या पुढील व मागील खुणांमधील अंतर कमी होते आणि मनगटाची किंचित चूकही लक्ष्यापाशी मोठी होते. मूठ लहान असल्याने सर्व बोटांना पकड मिळत नाही. नळी हाताच्या वर असल्याने धक्का सरळ मागे न जाता नळीचे तोंड वर उचलतो आणि दुसऱ्या गोळीसाठी नेम नव्याने धरावा लागतो. केवळ चाप ओढून घोडा उचलायचा व पाडायचा असल्यास बोटाला बराच जोर लावावा लागतो. हलक्या शस्त्रात हा जोरच शस्त्राला जागेवरून हलवितो. धक्क्याच्या धास्तीने गोळी सुटण्यापूर्वीच हात दचकतो, तो दोष निराळा. थोडक्यात, बाळगण्यास सर्वांत सोपे शस्त्र हे नेमाने वापरण्यास सर्वांत अवघड असते. ही उणीव भरून काढण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे सराव.

लहान शस्त्रांच्या जागतिक इतिहासात हे द्वंद्व सतत दिसते. इंग्लंडमधील वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुलडॉग’ हे कोटाच्या खिशात मावणारे आखूड रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. बेल्जियममध्ये व अन्यत्र त्याच्या असंख्य नकला निघाल्या. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर याच धर्तीच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडण्यात आल्या. पुढे कोल्ट कंपनीने १९२७ मध्ये दोन इंची नळीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ तयार केले. त्याचे वजन सुमारे ५९५ ग्रॅम होते. १९५० मध्ये त्याच कंपनीने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा वापरून ‘कोब्रा’ हे सुमारे ४२५ ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर आणले. साधा गुप्तहेर पोलीस दिवसभर जे शस्त्र कंटाळा न करता अंगावर ठेवील तेच वेळेवर हाताशी असेल, हा त्यामागील व्यावहारिक विचार होता. परंतु तोच दारूगोळा वापरल्यास येथेही धक्का सुमारे ४० टक्क्यांनी वाढत होता.

१८७८ चा कायदा आणि फडक्यांचा उठाव

लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा संमत झाला. या कायद्यान्वये परवान्याविना कोणतेही शस्त्र घेऊन फिरणे आणि परवान्याविना बंदूक व दारूगोळा ताब्यात ठेवणे हे गुन्हे ठरले. बंदुकांप्रमाणेच तलवारी, भाले, खंजीर व धनुष्यबाण यांचाही ‘शस्त्र’ या संज्ञेत समावेश होता. युरोपीय रहिवाशांना मात्र नियमांद्वारे सूट देण्यात आली. कायद्यातील हा वर्णभेद भारतीयांना विशेष झोंबला. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात सुधारणा करण्याची मागणी केली. वर्णावर आधारलेली ही सूट पहिल्या महायुद्धानंतरच दूर झाली.

हा कायदा होऊन वर्ष उलटण्यापूर्वीच फडक्यांचा उठाव झाला. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या फडक्यांनी लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शस्त्रविद्येचे धडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. रामोशी, कोळी आदी समाजांतील साथीदारांना एकत्र करून त्यांनी २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला मोठा छापा घातला. त्यांच्या साथीदारांपाशी तलवारी, भाले आणि थोड्याबहुत बंदुका होत्या. मे महिन्यात दौलतराव नाईक यांच्या नेतृत्वाखाली कोकणात पळस्पे व चिखली येथे छापे पडले आणि सुमारे दीड लाख रुपयांची लूट हाती आली. परंतु घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनिअल यांच्या तुकडीने गाठल्यावर दौलतराव गोळी लागून मारले गेले. फडके स्वतः जुलै १८७९ मध्ये विजापूर परिसरातील देवर नावदगी येथे झोपेत असताना पकडले गेले. त्यांना एडनला पाठविण्यात आले व तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे निधन झाले.

या उठावाच्या अपयशाची कारणे अनेक आहेत. दुष्काळाने खंगलेला मुलूख, पैशाची चणचण आणि सरकारी फौजेची संख्या यांचा त्यात मोठा वाटा होता. तथापि शस्त्रांच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षणीय ठरते. फडक्यांची हत्यारे बाळगण्यासाठी टोळी, डोंगर आणि रात्र यांची आवश्यकता होती. भरदिवसा, वस्तीत, एकट्याने बाळगता येईल असे त्यांत काही नव्हते. उठाव टोळीच्या रूपात झाला यामागे फडक्यांची योजना होती, तशीच हत्यारांची मर्यादाही होती.

गणेशखिंड, १८९७ : टाकून दिलेल्या तलवारी

अठरा वर्षांनंतर पुण्यात घडलेल्या घटनेत जुनी व नवी अशी दोन्ही हत्यारे एकाच वेळी दिसतात. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमांमुळे लोकक्षोभ उसळला असताना २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, दामोदर व बाळकृष्ण चापेकर यांनी गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मृत्यू पावला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आली.

दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्तात त्या संध्याकाळचा तपशील आला आहे. दोघांपाशी प्रत्येकी एक तलवार आणि एक पिस्तूल होते. बाळकृष्णापाशी त्याखेरीज कुऱ्हाडही होती. मात्र समारंभासाठी लोटलेल्या गर्दीत तलवार-कुऱ्हाड घेऊन संशय न येता वावरणे अशक्य असल्याचे त्यांच्या लक्षात आले. म्हणून ही हत्यारे त्यांनी जवळच्या एका दगडी मोरीखाली लपवून ठेवली आणि केवळ पिस्तुले जवळ ठेवली. पुढे दामोदरने बग्गीमागून धावत जाऊन तिचा पडदा वर केला आणि सुमारे वीतभर अंतरावरून गोळी झाडली.

या तपशिलातील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. मोरीखाली ठेवलेल्या तलवारी या महाराष्ट्रातील शस्त्र-इतिहासातील एका स्थित्यंतराची खूण मानता येतील. त्या धारेने कमी पडल्या म्हणून टाकल्या गेल्या नाहीत. त्या लपविता येत नव्हत्या. दुसरी गोष्ट वीतभर अंतराची. हे अंतर साहसाचे निदर्शक आहेच. परंतु ज्या शस्त्राचा उघड सराव करण्याची मुभा नव्हती, त्याच्या नेमावर काही हातांवरून विसंबणे शक्य नव्हते, हेही त्यातून सूचित होते. इतक्या जवळून झाडलेल्या पहिल्या गोळीच्या बाबतीत आखूड नळी, लहान मूठ आणि उचलली जाणारी नळी यांचे सारे दोष निरर्थक ठरतात. शस्त्राची उणीव अंतर कमी करून भरून काढली गेली. मात्र त्यामुळे निसटून जाण्याची शक्यताही तेवढीच घटली.

लंडन ते नाशिक, १९०९

१९०९ हे वर्ष या अभ्यासाच्या केंद्रस्थानी येते, कारण त्या एकाच वर्षात साम्राज्याच्या राजधानीतील आणि महाराष्ट्रातील परिस्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

इंग्लंडमध्ये त्या काळी १९०३ चा पिस्तूल कायदा लागू होता. दहा शिलिंगांचा साधा परवाना घेणाऱ्यास दुकानातून पिस्तूल विकत घेता येत असे. सावरकरांच्या सहवासातील मदनलाल धिंग्रा या तरुणाने लंडनमधील दुकानातून कोल्ट कंपनीचे स्वयंचलित पिस्तूल खरेदी केले आणि टॉटनहॅम कोर्ट रोडवरील नेमबाजीच्या केंद्रात तो आठवड्यातून दोन-तीन वेळा सराव करीत असे. १ जुलै १९०९ च्या संध्याकाळी त्याने तेथे अठरा फुटांवरील लक्ष्यावर बारा गोळ्या झाडल्या व त्यांपैकी अकरा लागल्या, अशी साक्ष केंद्रचालकाने न्यायालयात दिली. त्याच रात्री इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्याने कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या. मध्ये आलेले डॉ. कावस लालकाका हे पारशी गृहस्थही त्यात बळी पडले. सरावाने नेम साधतो. परंतु गर्दीत झाडलेल्या गोळ्यांपासून त्रयस्थाचे रक्षण होईल याची हमी सरावही देत नाही, हे येथे नोंदविणे उचित होय.

त्याच वर्षाच्या प्रारंभी विनायक दामोदर सावरकर यांनी ब्राउनिंग बनावटीची वीस पिस्तुले लंडनहून चतुर्भुज अमीन याच्यामार्फत हिंदुस्थानात पाठविली. अमीन हा इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी होता. पिस्तुले त्याच्या पेटीच्या चोरकप्प्यात लपविलेली होती. मार्च १९०९ मध्ये ती मुंबईस पोहोचली. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यानुसार बेल्जियममधील एर्स्ताल येथे तयार होणारे १९०० च्या नमुन्याचे पिस्तूल त्या काळी युरोपात सर्वत्र प्रसिद्ध होते. त्याचे वजन सुमारे ६२५ ग्रॅम असून त्यात ७.६५ मिलिमीटर व्यासाची सात काडतुसे मावत. या नमुन्याच्या हिशेबाने वीस पिस्तुलांचे वजन अवघे साडेबारा किलो होते. स्वयंपाक्याच्या पेटीत तितके वजन सहज सामावते. वीस तलवारी किंवा वीस बंदुका अशा प्रकारे कोणत्याही बंदरातून आणणे शक्य नव्हते.

यांत्रिकदृष्ट्याही हे पिस्तूल रिव्हॉल्व्हरहून निराळे होते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे फिरते चक्र असल्याने त्याची जाडी वाढते. ब्राउनिंगमध्ये काडतुसे मुठीतच एकावर एक रचलेली असल्याने ते चपटे राहते व वस्त्राखाली उठून दिसत नाही. शिवाय प्रतिक्षेपाचा काही भाग वरचा सरकता भाग मागे ढकलण्यात व नवे काडतूस भरण्यात खर्च होतो. त्यामुळे धक्का एकदम न बसता थोडा लांबतो व सुसह्य होतो. गोळी लहान आणि हलकी, म्हणून एकूण धक्काही बेताचा. बाळगण्याची सोय आणि झाडण्याची सोय यांचा त्यातल्या त्यात चांगला मेळ या बनावटीत साधला गेला होता, असे म्हणता येईल.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’ या नाटकाच्या प्रयोगप्रसंगी अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठरा वर्षांच्या आतबाहेरच्या तरुणाने जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडून त्यांचा वध केला. हा प्रयोग जॅक्सन यांच्या निरोपादाखल होता. प्रेक्षागृहात उच्च अधिकारी व शहरातील प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. अशा ठिकाणी शस्त्र बाळगून प्रेक्षक म्हणून बसणे त्या शस्त्राच्या आकारामुळेच शक्य झाले. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. पाठविलेल्या पिस्तुलांचा धागा लंडनपर्यंत पोहोचला आणि सावरकरांना जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या.

धिंग्रा आणि कान्हेरे यांच्यातील फरक साहसाचा नव्हता. एकाला दुकान व नेमबाजीचे केंद्र उपलब्ध होते, तर दुसऱ्याला समुद्रापलीकडून आलेली चोरटी पेटी. एकाच साम्राज्यात, एकाच वर्षी, शस्त्र बाळगण्याचे दोन कायदे होते आणि तो भेद प्रजेच्या वर्णावर व स्थळावर अवलंबून होता.

फर्ग्युसन महाविद्यालय, १९३१ : पोहोचलेली पण न लागलेली गोळी

लहान शस्त्राच्या मर्यादांचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याच्या एका महाविद्यालयात घडले. सोलापूरच्या लष्करी कायद्याच्या पर्वानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यास फाशी देण्यात आली. त्याचा सूड म्हणून २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबई प्रांताचे हंगामी राज्यपाल अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदी जवळून रिव्हॉल्व्हर झाडले. आद्य क्रांतिकारकाच्या नावाशी त्याच्या नावाचे असलेले साम्य हा योगायोग होता. एक गोळी हॉटसन यांच्या खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळून थांबली असे नमूद झाले. ते बचावले आणि गोगटे तत्काळ पकडले गेले. त्यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. १९३७ मध्ये त्यांची सुटका झाली.

या घटनेत नेम चुकला नव्हता. गोळी योग्य जागी पोहोचली होती. कमी पडली ती तिची शक्ती, किंवा आड आला तो निव्वळ योगायोग. येथेही मूळ द्वंद्वाचीच दुसरी बाजू दिसते. लहान शस्त्र हाताला सोसावे म्हणून त्यातील दारूगोळा बेताचा ठेवावा लागतो आणि बेताच्या गोळीस क्षुल्लक धातूही अडवू शकतो.

पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास या विद्यार्थिनीने बंगालचे राज्यपाल स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर रिव्हॉल्व्हरच्या पाच गोळ्या झाडल्या, राज्यपाल बचावले. मुंबईतही ऑक्टोबर १९३० मध्ये लॅमिंग्टन रोड पोलीस ठाण्यासमोरील गोळीबारात दुर्गादेवी व्होरा सहभागी होत्या. स्त्रियांच्या झडतीबाबत पोलिसांना असणारा संकोच आणि शस्त्राचा लहान आकार यांमुळे चळवळीत स्त्रियांनी शस्त्र बाळगणे व पोहोचविणे शक्य झाले होते. बीना दास यांच्या अपयशाचे सर्व खापर शस्त्रावर फोडता येणार नाही. तथापि भरलेल्या सभागृहात, चालत पुढे जात, सराव नसलेल्या हाताने सलग पाच गोळ्या नेमाने झाडणे ही अपेक्षा लहान रिव्हॉल्व्हरकडून करता येण्याजोगी नव्हती, हे मान्य करावे लागते.

लपविण्याजोग्या शस्त्राचा विवेक नसतो, याचे सर्वांत दुःखद प्रत्यंतर ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत आले. प्रार्थनेस निघालेल्या महात्मा गांधींवर पुण्याच्या नथुराम गोडसेने झाडलेले बेरेटा पिस्तूल सुमारे ६६० ग्रॅम वजनाचे होते. नमस्काराच्या अंतरावरून तीन गोळ्या झाडल्या गेल्या. बंदिस्त बग्गीतील अधिकाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी ज्या लहानपणाचा उपयोग झाला होता, त्याच लहानपणाने कोणतीही झडती न घेण्याचा आग्रह धरणाऱ्या निःशस्त्र वृद्धाचाही घात केला.

स्वातंत्र्योत्तर कायदा आणि ‘निर्भीक’

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. वर्णभेद आता उरला नव्हता, परंतु परवान्याचे तत्त्व कायम राहिले. पोलीस व लष्कराच्या वापरातील .३८ व ९ मिलिमीटर यांसारखे व्यास सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध ठरल्याने परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने .३२ व्यासाचे रिव्हॉल्व्हर आले. अशा प्रकारे नागरी शस्त्राची शक्ती कायद्यानेच बेताची राहिली.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचार प्रकरणानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ हे .३२ व्यासाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा वापर करून त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत उतरविण्यात आले होते. ते स्त्रियांच्या पर्समध्ये सहज मावेल, यावर प्रसिद्धीचा भर होता. दागिन्यांच्या पेटीसारख्या वेष्टनात ते दिले जाई. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती.

प्रस्तुत लेखाच्या प्रारंभी मांडलेला हिशेब येथे तंतोतंत लागू पडतो. सुमारे ७०० ग्रॅमच्या नेहमीच्या रिव्हॉल्व्हरच्या तुलनेत ‘निर्भीक’ बाळगण्यास हलके असले, तरी त्याच काडतुसाचा धक्का त्यातून अधिक जाणवणार. ज्या व्यक्तीने पूर्वी कधी शस्त्र हाताळलेले नाही, जिच्या परिसरात नेमबाजीचे केंद्र नाही आणि जिला काडतुसे मोजून मिळतात, तिच्या हाती असे शस्त्र देऊन तिला निर्भय केल्याचे सांगणे हे वजनाच्या सोयीला सामर्थ्य समजण्यासारखे आहे. त्यातही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो. घरातील, शेजारातील वा कामाच्या ठिकाणच्या माणसाविरुद्ध पर्समधील रिव्हॉल्व्हर कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न धातूच्या हलकेपणाने सुटत नाही.

पुढील घडामोडी या दृष्टीने सूचक आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने ‘प्रबल’ हे नवे .३२ रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम असून पल्ला ५० मीटरपर्यंत असल्याचा उत्पादकांचा दावा आहे. म्हणजे नऊ वर्षांत भर हलकेपणावरून पल्ल्यावर सरकला आणि वाचविलेले ग्रॅम परत आले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. १८७९ ते १९०९ या तीस वर्षांत महाराष्ट्रातील सशस्त्र प्रतिकार टोळीकडून एकट्या व्यक्तीकडे सरकला. या बदलामागे वैचारिक कारणांबरोबरच शस्त्राचे घटलेले आकारमान हेही एक महत्त्वाचे कारण होते. गणेशखिंडीतील मोरीखाली ठेवलेल्या तलवारी हा त्याचा प्रत्यक्ष पुरावा होय.

२. शस्त्राचे वजन घटविल्याने एकूण भार नाहीसा होत नाही. तो बाळगणाऱ्या शरीरावरून झाडणाऱ्या हातावर जातो. त्याची भरपाई सरावाने किंवा अंतर कमी करून करावी लागते. लंडनमध्ये धिंग्रास पहिला मार्ग उपलब्ध होता. चापेकरांना १८७८ च्या कायद्यामुळे प्रामुख्याने दुसराच उरला, आणि अंतर कमी करण्याची किंमत बहुधा पकडले जाणे व फाशी ही होती.

३. हॉटसन व स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावरील अयशस्वी हल्ल्यांचा विचार करताना धैर्य वा दैव यांच्याबरोबरच दारूगोळ्याची बेताची शक्ती, आखूड नळी आणि सरावाचा अभाव या बाबी विचारात घेतल्या पाहिजेत.

४. निःशस्त्रीकरणाचा कायदा शस्त्रे नाहीशी करतोच असे नाही. तो त्यांना लहान व गुप्त करतो. १९४८ ची घटना दाखविते की एकदा गुप्तता साध्य झाली की ती कोणाविरुद्ध वापरली जाईल यावर कोणाचेही नियंत्रण राहत नाही.

५. स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न शस्त्राच्या वजनात शोधणे अपुरे आहे. पनवेलसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरात रात्री उशिरा स्थानकावरून घरी परतणाऱ्या विद्यार्थिनीला पाचशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा उजेड असलेला रस्ता, वेळेवर मिळणारी बस आणि तक्रार नोंदवून घेणारे पोलीस ठाणे यांची अधिक आवश्यकता आहे. शिरढोणच्या भूमीत जन्मलेल्या परंपरेचा अभ्यास करताना शस्त्राचा गौरव आणि शस्त्राची समज या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान अध्यापकांनी विद्यार्थ्यांना देणे अगत्याचे ठरते.